खैराचा रंग, सागाचे नाव

नाशिकच्या पांडवलेण्यांपैकी दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा हा लेख म्हणजे त्याने केलेल्या दानांची लांबलचक यादी. तिच्यात इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर लोकांना फुकट पार करण्यासाठी नावा ठेवल्याची नोंद येते. दाहनुका म्हणजे डहाणूची नदी. त्यानंतर सुमारे 800 वर्षांनी, शके 848 मध्ये, म्हणजे इ.स. 926 मध्ये, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातल्या एका ताम्रपटात जवळजवळ तशाच पुण्यकर्माची नोंद झाली. संयान, म्हणजे संजाण, इथला कारभार पाहणारा मधुमती सुगतिप हा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी. त्याने पाण्यावर नावांची मोफत सोय केली आणि वाटसरूंना भात, कालवण आणि तूप मिळेल असे अन्नछत्र घातले. हा ताम्रपट 1955 मध्ये सापडला तो डहाणू तालुक्यातल्या चिंचणी गावात.

नाव म्हटली की लाकूड आले, आणि खाऱ्या पाण्यातले लाकूड म्हणजे रोजची झुंज. पाण्याखाली समुद्रकिडे फळी पोखरतात, पाण्यावर ऊन तिला तडे पाडते, आणि लोखंडी खिळा शिरलेल्या जागी काळा डाग धरून लाकूड कुजू लागते. उत्तर कोकणच्या या पट्ट्यात लाकडावर रस, तेल आणि रंग चढवण्याची विद्या वाढली ती या गरजेपोटी. रूपाचा विचार फार उशिरा आला. तो आला तेव्हा जंगलातले उत्तम लाकूड सरत चालले होते आणि साध्या लाकडाला त्या सरलेल्या लाकडाचे रूप द्यायची वेळ आली होती. म्हणूनच इथल्या लाकडाच्या रंगाची हकिगत जंगलाच्या हकिगतीपासून वेगळी काढून सांगता येत नाही.

चिंचणी तारापूरच्या खाडीच्या उत्तर काठावर आहे, पलीकडे दक्षिण काठावर तारापूर. पश्चिमेला समुद्र. पूर्वेला वाणगावचे रेल्वे स्टेशन ओलांडून पुढे गेले की जमीन चढू लागते आणि साग, ऐन, खैर, हेद, शिसव, कळंब यांचे डोंगर सुरू होतात. किनाऱ्यावर मांगेला, वाडवळ, भंडारी, पारशी आणि डोंगरात वारली, कातकरी, कोकणा, मल्हार कोळी, अशी इथली वस्ती. किनाऱ्याला लाकूड लागे, ते डोंगर देत. लाकूड टिकवणारा रंगही डोंगरच देत, आणि त्या रंगांत पहिला मान खैराचा.

खैर काटेरी, बेताच्या उंचीचा, दिसायला काही खास नसलेला वृक्ष. पण त्याच्या गाभ्यात कात असतो. डोंगरात काताच्या भट्ट्या लावण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या कातकऱ्यांचे. पावसाळा सरला की कुटुंबे जंगलात मुक्काम टाकत. खैर तोडून त्याची साल आणि बाहेरचे पांढरे लाकूड काढून टाकायचे, आतल्या तांबड्या गाभ्याच्या कुऱ्हाडीने बारीक चिपा काढायच्या, आणि त्या मातीच्या मडक्यांत पाण्यात घालून तासन्‌तास उकळायच्या. उतरलेला रस गाळून पुन्हा आटवायचा. दाट झाला की गार करून त्याच्या वड्या पाडायच्या. 1882 मध्ये निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये कातकऱ्यांच्या या धंद्याचे वर्णन आहे. त्याच्याही 300 वर्षे आधी, 1563 मध्ये, गोव्यात छापलेल्या आपल्या औषधी वनस्पतींवरील ग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने काताला स्वतंत्र प्रकरण दिले होते. हा माल त्याही काळी समुद्रपार जात असे.

विड्यातला कात सगळ्यांना ठाऊक आहे. काताचा रस गार झाल्यावर त्यातला कॅटेचिन नावाचा घटक स्फटिकासारखा खाली बसतो, तो खाण्याचा फिकट कात. वर उरणारा गडद द्रव टॅनिनने भरलेला असतो. तो आटवला की काळपट तपकिरी ढेप मिळते. युरोपातल्या व्यापाऱ्यांना हवी असे ती ही ढेप, कारण तिच्यात सूत, कातडे आणि लाकूड रंगवण्याची आणि राखण्याची ताकद होती. युरोपातल्या होड्यांची तांबूस तपकिरी शिडे एकेकाळी या रसाने रंगत. इकडे कोकणात सणाची आणि सुती जाळी ऐनाच्या सालीच्या किंवा काताच्या काढ्यात बुडवून वाळवत. टॅनिनमुळे जंतू सुताला सहज खात नाहीत आणि जाळे जास्त चालते. तोच काढा लाकडावर हात फिरवून लावला की लाकूड पिंगट होते, पण त्याची रेषा झाकली जात नाही.

काताच्या रंगात एक खुबी आहे, ती पान खाणाऱ्या प्रत्येकाने तोंडात अनुभवलेली असते. कातावर चुना पडला की तांबडा रंग उसळतो. लाकडावरही हेच घडते. आधी काताचे पाणी, ते सुकल्यावर वरून चुन्याची निवळी, की फिकट पिंगट छटा लालसर तपकिरीकडे झुकते. चुन्याऐवजी लोखंडाचे पाणी दिले तर तोच कात हिरवट काळा होतो. एका झाडाच्या गाभ्यातून अशा तीन-चार छटा निघतात, आणि त्या लाकडाच्या तंतूंत मुरलेल्या असल्यामुळे नखाने खरवडून निघत नाहीत.

सागाला मात्र असे काहीच लागत नसे. सागाच्या गाभ्यात स्वतःचे तेल असते, वाळवी त्याला सहसा शिवत नाही, आणि उन्हापावसात त्याचा सोनेरी रंग हळूहळू गडद किंवा रुपेरी होतो. किनाऱ्यावरच्या नावबांधणीत सागाच्या फळीला रंग देण्यापेक्षा तिचे सांधे बंद करण्याकडे लक्ष असे. फटींत कापूस ठोकून बसवायचा, वर चंद्रस किंवा राळ तेलात शिजवून भरायची, पाण्याखालच्या भागाला चुना आणि चरबीचा लेप द्यायचा, आणि पाण्यावरच्या लाकडाला मुशीच्या काळजाचे तेल चोळायचे. वास उग्र, पण फळी वर्षभर तडकत नसे. तेलाचा हात दर हंगामात नव्याने द्यावा लागे, कारण हे तेल लाकडात मुरते आणि उन्हाने झिजते. दक्षिण कोकणात आणि गोव्यात काजूच्या टरफलाचे झणझणीत तेल हेच काम करी. ते हाताला लागले तर कातडी सोलवटते, आणि किडा दूर राहतो तोही त्यामुळेच.

डोंगरातल्या वारली पाड्यांवर रंग आला तो मातीतून. कारवीच्या कुडाच्या भिंती शेणामातीने लिंपायच्या, वर गेरूचा हात द्यायचा, आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषांनी लग्नाचा चौक लिहायचा. हे काम सवाशिणींचे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी 1970 च्या दशकात ही रेषा कागदावर आणि कापडावर आणली. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. गेरू म्हणजे लोहाचा ऑक्साइड मिसळलेली माती. ती पाण्यात विरघळत नाही, नुसती पसरते आणि पाणी उडाले की जागच्या जागी बसते. लाकडावर ती तंतूंच्या आत शिरत नाही, फक्त छिद्रांत आणि खाचांत अडकते. त्यामुळे सागासारख्या मोठ्या छिद्रांच्या लाकडावर गेरू चोळून पुसला तर रेषा उठून दिसते, आणि बारीक छिद्रांच्या गुळगुळीत लाकडावर तोच गेरू पुसताना बराचसा निघून जातो. काताचा रंग विरघळणारा आणि गेरूचा न विरघळणारा, हा फरक आजही लाकडाचा रंग निवडताना सगळ्यात आधी बघायचा असतो. विरघळणारा रंग लाकडाला पारदर्शक ठेवतो पण उन्हाने विटू शकतो. न विरघळणारी पूड लाकूड थोडे झाकते, पण शेकडो वर्षे विटत नाही.

वाघदेवाचे वारल्यांचे लाकडी खांब किंवा फळ्या याच कुळातल्या. त्यांच्यावर सूर्य, चंद्र आणि वाघ कोरलेले असतात आणि वर तेलात कालवलेला शेंदूर थापलेला असतो. जुना शेंदूर म्हणजे शिशाचा लाल ऑक्साइड. युरोपातल्या जहाजांवर आणि लोखंडी पुलांवर हाच तांबडा लेप गंज आणि कूज रोखायला वापरत. श्रद्धेने चढवलेल्या त्या थराखाली उघड्यावरचे लाकूड बरेच टिकते. पण शिसे विषारी आहे. आज कोणी घरच्या लाकूडकामात जुन्या पद्धतीचा शेंदूर वापरायला गेला, तर त्याला हात धरून थांबवायला हवे.

जंगल कोणाचे, हा प्रश्न 19व्या शतकात उभा राहिला आणि रंगाचे सगळे गणित बदलले. त्याआधी पोर्तुगीजांच्या काळात वसई आणि आगाशीला जहाजे बांधली जात. 1739 च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या फौजेने तारापूरचा किल्ला घेतला, त्या झुंजीत सरदार बाजी भिवराव पडले, आणि मे महिन्यात वसईही आली. तोवर मुंबईत इंग्रजांनी सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया यांना 1736 मध्ये आणवून गोदी उभी करायला घेतली होती. पुढे त्यांच्या घराण्याने बांधलेल्या सागवानी जहाजांपैकी 1817 चे ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात तरंगते आहे. सागाचे हे गुण जितके नावाजले गेले तितकी कुऱ्हाड वेगाने चालली. 1847 मध्ये मुंबई इलाख्याने डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांना पहिले वनसंरक्षक नेमले. 1864 मध्ये मुंबई–सुरत रेल्वे डहाणूवरून धावू लागली आणि रुळांखालच्या स्लीपरांनी आणखी लाकूड मागितले. 1878 च्या वन कायद्याने डोंगर सरकारी राखीव झाले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारींचा इतका गदारोळ उठला की सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला, आणि 1887 मध्ये त्याचा अहवाल आला.

कातकऱ्यांच्या भट्ट्या या काळात हळूहळू विझल्या. खैर तोडायला परवाना, भट्टीला लागणाऱ्या जळणाला परवाना, आणि परवाना मिळे तो पैसेवाल्या ठेकेदाराला. पिढीजात कारागीर त्याच जंगलात मजूर झाला. काताचा धंदा संपला नाही. रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूणजवळ सावर्डे परिसरात काताचे कारखाने पुढेही चालले. पण डोंगरातले ज्ञान आणि त्याची कमाई यांची फारकत झाली ती कायमची, आणि या किनाऱ्याच्या हस्तव्यवसायांच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा अन्याय आहे.

लाकडाच्या रूपाचा जमाना सुरू झाला मुंबईच्या दिवाणखान्यांतून. 19व्या शतकात काळ्या शिसवीच्या कोरीव खुर्च्या, कोच आणि गोल मेजांना इंग्रज, पारशी आणि गुजराती धनिकांकडून अफाट मागणी आली. लंडनच्या 1851 च्या जागतिक प्रदर्शनात मुंबईची शिसवी कलाकुसर मांडली गेली. ज्यांना शिसव परवडत नसे त्यांना तिचा काळा रंग तरी हवा असे. तो रंग देण्याची सामग्री महाराष्ट्राच्या प्रत्येक बाजारपेठेत पडून होती. सह्याद्रीतला हिरडा आणि हिराकस. हिरड्याच्या सालीचा काढा लाकडाला पाजायचा, सुकू द्यायचा, मग हिराकसाचे पाणी फिरवायचे. हिरड्यातले टॅनिन आणि हिराकसातले लोह एकत्र येताच डोळ्यांदेखत लाकूड करडे आणि मग काळे पडते. लिहिण्याची एक जुनी शाई आणि रंगाऱ्यांचा काळा याच मेळातून निघत. बाभूळ आणि ऐन यांत टॅनिन मुळातच भरपूर असल्यामुळे त्यांना हिरड्याचीही गरज पडत नाही. गंजके खिळे काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवून ते पाणी बाभळीच्या फळीवर लावून पाहावे, काळा रंग आपोआप उमटतो. हा काळा उन्हात विटत नाही. या सगळ्या जुन्या कृतींपैकी आजच्या कारागिराने एकच शिकायची ठरवली, तर ही शिकावी.

चकाकी आली लाखेमुळे. पळस, बोर आणि कुसुंबाच्या फांद्यांवर लाखेचा किडा राळेचे कवच करतो. ती राळ धुताना लाल रंग सुटतो, आणि धुतलेली राळ वितळवून पातळ ताणली की चपडा लाख मिळते. 18व्या शतकाच्या अखेरीपासून हिंदुस्थानातून लाखेचा लाल रंग युरोपला जाई, चपडा त्याच्यामागून. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाची पोटली मऊ कापडात गुंडाळून, थेंबभर तेलाच्या मदतीने गोल गोल हात फिरवत थरावर थर चढवायचे, ही फ्रेंच पॉलिशची रीत. 19व्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात ती लोकप्रिय झाली आणि तिथून मुंबईच्या सुतारांच्या हातात आली. कच्चा माल इथला, कृती तिथली. तळकोकणात मात्र लाखेचे वेगळे घराणे नांदत होते. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची खेळणी, पाट आणि चौरंग रंगवून त्यांवर लाखेचे रोगण चढवण्याची कला संस्थानाच्या आश्रयाने जपली. चिंचोक्याच्या खळीचा आणि खडूचा लेप, त्यावर रंग, त्यावर लाख, असा तो क्रम. 1970 च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागिरांना बसवून ही कला आणि गंजिफाच्या पत्त्यांचे काम पुन्हा उभे केले.

1856 मध्ये लंडनमध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने डांबरातून निघणाऱ्या रसायनांवर प्रयोग करताना जांभळा रंग शोधला आणि जगभरच्या रंगाऱ्यांचे नशीब फिरले. 1863 मध्ये बिस्मार्क ब्राउन आला, 1867 मध्ये निग्रोसिन हा काळा. दोन्ही लाकडासाठी जणू घडवलेले. चिमूटभर पूड, कपभर गरम पाणी किंवा स्पिरिट, आणि पाच मिनिटांत हवी ती छटा. लाखेच्या लाल रंगाला कोणी विचारीनासे झाले, आणि जी राळ आजवर दुय्यम होती तीच मुख्य माल बनली. पुढे ग्रामोफोनच्या तबकड्याही तिच्याच होत. पहिल्या महायुद्धाआधी जगातले बहुतेक कृत्रिम रंग जर्मनीत बनत. 1914 मध्ये युद्ध पेटताच ते यायचे थांबले, भाव आभाळाला भिडले, आणि काही वर्षे हिरडा, कात आणि नीळ यांना पुन्हा दिवस आले. युद्ध संपले तसे तेही संपले.

पुडीच्या रंगाबरोबर नावांचीही चलाखी आली. दुकानातल्या बाटल्यांवर आणि छटांच्या तक्त्यांवर आजही बर्मा टीक, रोझवुड, महोगनी, वॉलनट अशी नावे असतात. ही सगळी झाडांची नावे आहेत, आणि ज्या लाकडावर हे रंग चढतात ते आंबा, रबर, सिल्व्हर ओक, पाइन किंवा नुसता प्लायवुडवरचा पातळ पापुद्रा असते. जंगल भरलेले असताना सागाच्या रंगाची बाटली कोणी विकत घेतली नसती.

तरी रंग निवडणे हे आजही हातोटीचे काम आहे, आणि बाटलीवरच्या नावावर विसंबणारा हमखास फसतो. तक्त्यावरची छटा एखाद्या गोऱ्या लाकडावर काढलेली असते. तोच रंग आंब्यावर हिरवट, रबरवुडवर गुलाबीसर आणि सागावर जवळजवळ काळा दिसू शकतो. म्हणून जुना पॉलिशवाला त्याच कामाच्या उरलेल्या तुकड्यावर आधी हात मारून बघतो, तोही पॉलिशचा थर चढवून, कारण सुकलेला रंग कोरडा आणि फिका दिसतो आणि त्याची खरी खोली वरचा थर बसल्यावरच कळते. पाण्यातला रंग सर्वांत खोल आणि स्वच्छ मुरतो, पण पाण्याने लाकडाचे तंतू उभे राहतात. त्यासाठी आधीच ओल्या फडक्याने लाकूड पुसून, सुकवून, उठलेली लव हलक्या सँडपेपरने काढून घ्यायची. स्पिरिटमधला रंग क्षणात सुकतो. लहान वस्तूला तो झकास, पण मोठ्या मेजावर दोन हातांच्या मध्ये पट्टा उमटतो. तेलातला रंग सावकाश सुकतो आणि सुधारायला वेळ देतो. मात्र जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली, तर ती आपोआप तापून पेट घेतात. ती पसरून वाळवायची किंवा पाण्यात बुडवून ठेवायची.

फळीचे आडवे कापलेले टोक रंग ढसाढसा पिते आणि बाकीच्या फळीपेक्षा गडद पडते. त्यावर आधी पातळ चपड्याचा एक हात द्यावा किंवा ते टोक बाकी फळीपेक्षा बारीक सँडपेपरने घासावे. पाइनसारख्या लाकडात मऊ आणि कडक वलये आलटून पालटून येतात, त्यामुळे रंगाचे ढग धरतात. तिथेही पातळ लाखेचे अस्तर कामी येते. सागाचे अडणे वेगळे. त्याचे अंगचे तेल वरचा थर पकडू देत नाही, म्हणून पॉलिशआधी स्पिरिट किंवा थिनरने पुसून लगेच काम सुरू करतात. आणि टॅनिन असलेल्या लाकडावर पाण्याचा रंग लावणार असाल तर स्टील वूलला हात लावू नये. तिचे केसाएवढे तुकडे रेषांत अडकतात आणि दुसऱ्या दिवशी फळीभर काळे ठिपके दिसतात. हिराकसाचीच ती करामत, नको त्या जागी.

बाजारात पुडीचे रंग रुळत असताना डोंगरात दुसरेच काही पेटत होते. ठेकेदारांच्या कुपांवर, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यांवर, झाडे तोडणाऱ्या आणि जमीनदारांच्या गवतकापणीला वेठीने जुंपलेल्या वारल्यांनी 1945 मध्ये लाल बावट्याखाली उठाव केला. तलासरी आणि डहाणू ही त्याची केंद्रे, शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यात आघाडीवर. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो सगळा काळ आहे. साग आणि खैर कापणाऱ्याला मजुरी किती मिळावी, हा त्या लढ्यातला एक रोकडा प्रश्न होता. 1947 मध्ये बाळासाहेब खेर यांच्या सरकारच्या पुढाकाराने ठाणे जिल्ह्यात जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या सुरू झाल्या आणि काही कूप ठेकेदाराच्या हातून सुटले.

त्याच 1947 मध्ये गुजरातच्या बाजूला वलसाडजवळ कस्तुरभाई लालभाईंनी अतुल हा रंगांचा कारखाना स्थापला. 1952 मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले. तो उभा आहे पार नदीच्या काठी, आणि उषवदाताची पारदा ती हीच पार असे मानतात. 1970 च्या दशकात चिंचणीपासून जवळच, बोईसरला तारापूर औद्योगिक वसाहत वाढली आणि तिथे रंग आणि रंगांना लागणारी मधली रसायने बनवणारे कारखाने मोठ्या संख्येने आले. एकेकाळी कातकऱ्यांच्या मडक्यात शिजणारा रंग आता पोलादी टाक्यांत शिजू लागला आणि देशभर जाऊ लागला. सांडपाणी मात्र इथेच राहिले. ते नवापूरच्या किनाऱ्यावर समुद्रात जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत तारापूरचा प्रदूषणात पहिला क्रमांक लागला, 93.69 गुणांनी. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने, म्हणजे ज्यांचे पूर्वज काताच्या आणि सालीच्या काढ्यात जाळी बुडवत त्या समाजाने, राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. 2022 च्या जानेवारीत लवादाने कारखान्यांना आणि सामायिक प्रक्रिया केंद्राला कोट्यवधी रुपयांची भरपाई भरण्याचा आदेश दिला. खाड्यांतली मासळी गेली ती या आदेशाने परत आलेली नाही. रंगाच्या डबीची खरी किंमत मोजायची असेल तर ती या खाड्यांच्या काठी उभे राहून मोजावी लागते.

दरम्यान जाळी नायलॉनची झाली, त्यांना साल लागत नाही. फायबरच्या होड्यांना सांध्यांत भरायला चंद्रस लागत नाही, त्यांचा रंग साच्यातच येतो. घरात सनमायका आली. क्राफ्ट कागदाचे थर, वर लाकडाचे चित्र छापलेला कागद, त्यावर मेलामाइनचा पातळ थर. आता लाकडाला रंग देण्याऐवजी त्याचे छायाचित्रच चिकटवले जाते. 1991 च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि त्यामुळे तिथली झाडी पुष्कळशी राहिली. तरीही खैराची चोरटी तोड सुरूच असते, कारण पानाच्या काताला आजही गिऱ्हाईक आहे.

जुन्या वाड्यांतले आणि बंगल्यांतले तुळया-खांब मोडीत निघाले की ते मुंबईत जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात जातात. तिथे जुना साग म्हणून त्याला नव्यापेक्षा जास्त भाव येतो. तो रंधून काढला की आत मधासारखा गाभा निघतो आणि त्यावर तेलाचा किंवा चपड्याचा हात पुरतो. नवा साग बहुधा लागवडीचा, वीस-पंचवीस वर्षांत तोडलेला. त्यात गाभा कमी आणि कडेचे पांढरट लाकूड जास्त. एकाच कपाटात जुनी आणि नवी फळी शेजारी आली तर फरक लांबून कळतो. तेव्हा पॉलिशवाला बर्मा टीकची बाटली काढतो, स्पिरिटमध्ये पातळ करतो, आणि सागाच्याच पांढऱ्या कडेवर बारीक ब्रशने दोन-तीन हलके हात देतो, प्रत्येक हातानंतर जुन्या फळीशी रंग ताडून बघत.